पाणी पिणाऱ्याच्या हातातलं तपासा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,


एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. बाटलीतलं आणि जारमधलं पाणी जिथे भरलं जातं, त्या कारखान्यावर शासनाचं लक्ष असतं. तेवढंच लक्ष ते पाणी जिथे साठवलं जातं, विकलं जातं आणि प्यायलं जातं तिथेही असावं. तिथले नमुने नेमाने घेतले जावेत आणि त्यांचे निकाल लोकांना मराठीत वाचायला मिळावेत.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. पाण्यातले जीवाणू मोजायला मुलांना शिकवणं हे माझं काम होतं. एकदा बूच लागलं की बाटलीतलं पाणी महिनोन् महिने जसंच्या तसं राहतं, हा समज चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही पक्का आहे. तो खरा नाही. आज सबंध महाराष्ट्र ज्या पाण्यावर विसंबतो, त्याविषयीचा चुकीचा समज तसाच राहू देणं मला पटत नाही.

एक काळ होता, प्रवासाला निघताना घरून फिरकीचा तांब्या भरून घेतला जायचा. आता एसटी स्टँडवर उतरलं की पहिली खरेदी पाण्याच्या बाटलीची. लग्नाचा हॉल, बँकेची शाखा, क्लास, दवाखाना, तहसील कचेरी, गणपतीचा मांडव, दहाव्याचा घाट, सगळीकडे वीस लिटरचे जार आलेले आहेत. चैत्र लागला की विदर्भ-मराठवाड्यातल्या गल्लीगल्लीतून जारचे टेम्पो फिरतात. नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही अशा वस्त्यांत तर जार ही चैन उरलेली नाही. मजुरीतून पैसे काढून माणसं तो घेतात. पोराबाळांना चांगलं पाणी मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पैसे मोजून घेतलेल्या या विश्वासाला शासनाने जागलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी बाटलीत काय घडतं ते सांगते.

पाणी कितीही गाळलं तरी त्यात सेंद्रिय कार्बनचा अंश उरतो. तो अगदी थोडा असतो, पण पाण्यात राहायची सवय असलेल्या जीवाणूंना तेवढा पुरतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांनी समुद्राचं पाणी लहान-मोठ्या बाटल्यांत साठवून पाहिलं आणि १९३६ साली मांडलं, की बाटली जितकी लहान तितकी जीवाणूंची वाढ जास्त. १९४३ मध्ये झोबेल यांनी त्याचं कारण अधिक उलगडून दाखवलं. पाण्यात विरळ पसरलेले अन्नाचे अंश बाटलीच्या भिंतीवर जमा होतात आणि जीवाणूंना तिथे धरून राहून ते वापरता येतात. लहान बाटलीत पाण्याच्या मानाने भिंत जास्त, म्हणून वाढही जास्त. साठवणीचा हा परिणाम शास्त्राला ऐंशी-नव्वद वर्षांपासून माहीत आहे.

पुढे युरोपात झऱ्याच्या खनिज पाण्यावर पुष्कळ काम झालं. ते पाणी तिथे निर्जंतुक करायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे झऱ्यातले मूळचे जीवाणू बाटलीत येतात. भरताना मिलिलिटरला मोजके असलेले हे जीवाणू खोलीच्या तापमानाला आठवड्या-दोन आठवड्यांत दहा हजार ते एक लाखापर्यंत पोचतात, असं या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. मग अन्न संपत येतं, वाढ थांबते आणि आकडा हळूहळू खाली येतो. म्हणजे सहा महिन्यांची मुदत असलेल्या बाटलीत जीवाणूंची गर्दी सर्वांत जास्त केव्हा असते, तर पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा आपण तिला ताजी समजतो.

युरोपच्या कायद्याने हे वास्तव मान्य केलेलं आहे. खनिज पाण्याविषयीचा तिथला २००९ चा निर्देश सांगतो, की एकूण जीवाणूंची मर्यादा, म्हणजे २० ते २२ अंशांना मिलिलिटरला १०० आणि ३७ अंशांना २०, ही भरल्यापासून १२ तासांच्या आत मोजायची आणि तोवर पाणी ४ अंशांच्या आसपास थंड ठेवायचं. त्यानंतर बाजारात जे जीवाणू आढळतील, ते झऱ्यातल्या मूळच्या जीवाणूंच्या नेहमीच्या वाढीतून आलेले असावेत, एवढीच अट. रोगाची शंका ज्यांच्यामुळे यावी अशा जंतूंना मात्र कधीच थारा नाही. ई. कोलाय, विष्ठेतून येणारे इतर जीवाणू आणि स्युडोमोनास एरुजिनोसा हे २५० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नयेत, मग नमुना झऱ्यावरचा असो की दुकानातला.

आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत झऱ्याचं खनिज पाणी नसतं. बोअरचं, विहिरीचं किंवा नळाचं पाणी यंत्रांतून काढून भरलेलं असतं. भारतीय मानक ब्युरोच्या मानकांतही हे दोन प्रकार वेगळे आहेत. खनिज पाण्याला आयएस १३४२८ आणि शुद्ध करून भरलेल्या पाण्याला आयएस १४५४३. दुसऱ्या प्रकारात निर्जंतुकीकरण होतं, म्हणून सुरुवातीचा आकडा कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जे थोडे तगतात किंवा बाटली, बूच, हवा, हात यांच्यामार्गे आत येतात, त्यांना पुढचे कित्येक दिवस मोकळं रान मिळतं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. नेहमीच्या पोषक अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, बाटलीतलं पाणी पसरून बशी ३७ अंशांना एक दिवस ठेवली, तर बहुधा काहीच उगवत नाही आणि पाणी उत्तम असल्याचा शेरा मिळतो. तेच पाणी कमी अन्नाच्या अगारवर, आर-टू-ए म्हणतात त्यावर, खोलीच्या तापमानाला पाच-सात दिवस ठेवावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बशीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात. काही दुधी, काही पिवळे, काही नारिंगी. पाण्यातले जीवाणू अर्धपोटी जगायला सरावलेले आणि संथ वाढणारे असतात. भरपूर अन्न, शरीराची ऊब आणि एकाच दिवसाची मुदत यांत ते आपल्याला दिसतच नाहीत. १९८५ पासून हे माध्यम जगभर वापरात आहे. आपण कोणती चाचणी लावतो यावर पाण्याचं गुणपत्रक किती बदलतं, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगला धडा मला सापडला नाही.

आता साहजिक प्रश्न येतो, या जीवाणूंनी माणूस आजारी पडतो का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण लोकांना घाबरवून सोडण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जिनिव्हात याच विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली होती. केवळ एकूण जीवाणूंचा आकडा वाढला म्हणून धडधाकट माणसाला धोका वाढतो, असा पुरावा नाही, हा त्यातला निष्कर्ष आजही टिकून आहे. बाटलीतले बहुसंख्य जीवाणू निरुपद्रवी असतात. काळजी करायची ती दोन गोष्टींची.

पहिली गोष्ट स्युडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूची. ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू स्वच्छ, थंड पाण्यात सहसा वाढत नाहीत, फक्त काही काळ तग धरतात. स्युडोमोनासचं तसं नाही. तो जवळपास अन्नच नसलेल्या पाण्यातही वाढतो, प्लास्टिकला आणि रबरी नळीला चिकटून थर करतो आणि अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. निरोगी माणसाच्या पोटात गेला तर बहुधा काही होत नाही. भाजलेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या, अतिदक्षता विभागात नळ्या लावून झोपलेल्या माणसाच्या बाबतीत तो जीवघेणा ठरू शकतो. जर्मनीतल्या एका विद्यापीठ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत स्युडोमोनासची लागण पसरली तेव्हा तिचा माग काढत तज्ज्ञ बाटलीबंद पाण्यापर्यंत पोचले. २००८ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक रुग्णासाठी विश्वासाने बाटलीच आणून देतात, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट, मूळ पाणीच दूषित असेल तर बाटली त्याला अडवत नाही, उलट दूरवर पोचवते. पोर्तुगालमध्ये १९७४ साली पटकीची साथ आली. २,४६७ रुग्णांत पटकीचा जंतू प्रत्यक्ष सापडला आणि ४८ माणसं दगावली. साथीचा शोध घेणाऱ्यांना शिंपल्यांबरोबरच आणखी एक वाट सापडली. चुनखडीतल्या एका झऱ्याचं, वायू न मिसळलेलं, बाटलीत भरून विकलं जाणारं पाणी. अलीकडे, २०१६ च्या एप्रिलमध्ये, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात चार हजारांहून अधिक माणसांना उलट्या-जुलाब झाले. सगळा माग कचेऱ्यांतल्या कूलरवर लावलेल्या पाण्याच्या जारपाशी पोचला आणि त्या पाण्यात नोरोव्हायरस सापडला. हा विषाणू पाण्यात वाढत नाही. पण एका ठिकाणी दूषित झालेलं पाणी जारमधून शेकडो कचेऱ्यांत कसं जातं, याचं हे उदाहरण आहे.

महोदय, आता आपल्याकडच्या जारकडे वळते, कारण माझी खरी चिंता तिथे आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५०० प्रमाणे, नळाच्या टोकाशी निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. वाटेत नवा जंतू शिरलाच तर त्याला मारायला हे शिल्लक क्लोरीन असतं. आरओच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही, म्हणून प्रकल्पात पडद्याच्या आधीच कोळशाच्या गाळणीने ते काढून टाकतात. पुढे अतिनील किरण आणि ओझोन यांनी जंतू मारले जातात. अतिनील किरणांचा परिणाम दिव्याखालून पाणी पुढे गेलं की संपतो. ओझोन प्रभावी असतो, पण थोड्याच वेळात विरून जातो. जाता जाता तो पाण्यातल्या मोठ्या सेंद्रिय रेणूंचे बारीक तुकडे करून ठेवतो, जे जीवाणूंना खायला अधिक सोपे पडतात. जार टेम्पोत चढतो तोवर त्या पाण्याच्या रक्षणाला काहीच उरलेलं नसतं. सील शाबूत, जार स्वच्छ आणि साठवण थंड, या तीन गोष्टींवरच सगळी भिस्त असते.

यातला जार तेवढा जवळून बघा. रिकामा जार उजेडाकडे धरला की आतल्या भिंतीवर ओरखडे दिसतात. ब्रश फिरवून फिरवून पडलेले. जीवाणूंना धरून राहायला अशा खाचा सोयीच्या पडतात. मुठीची पोकळ जागा असते तिथे ब्रश पोचत नाही. अनेक जारच्या मुठीत आणि तळाच्या कंगोऱ्यात हिरवट छटा दिसते. ते शेवाळ असतं आणि उन्हात उभ्या केलेल्या पारदर्शक जारमध्ये ते धरतं. गळ्याच्या आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, तर जीवाणूंनी स्वतःभोवती चिकट थर करून तिथे वस्ती केली आहे असं समजायचं. एकदा हा थर बसला की नुसतं पाणी हिसळून तो निघत नाही. गरम पाणी, कॉस्टिक किंवा योग्य डिटर्जंट, मग क्लोरीन आणि शेवटी शुद्ध पाण्याची धार, एवढं सगळं दर फेरीला करावं लागतं. हंगामात रोज शेकडो जार धुणाऱ्या छोट्या प्रकल्पात हे प्रत्येक वेळी होतं का, याची नोंद कोणी ठेवतं का, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

जार ग्राहकाकडे पोचल्यावरही बरंच घडतं. सील काढणारा हात गळ्याला लागतो. जार डिस्पेन्सरवर उलटा केला की जेवढं पाणी बाहेर येतं तेवढी खोलीतली हवा बुडबुड्यांतून आत जाते. डिस्पेन्सरची टाकी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. नवा जार लावला की नवं पाणी त्या जुन्या टाकीतच उतरतं. प्रकल्पातून निघालेला निर्दोष नमुना या नळाखाली आल्यावर निर्दोष राहिलेला असेलच, असं कुठलाही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगणार नाही.

सीलच नसलेल्या जारची गोष्ट तर आणखी वेगळी. पाणी चिलरमध्ये थंड करून नळाच्या जाड जारमध्ये ओतायचं आणि संध्याकाळी रिकामा जार परत न्यायचा, हा धंदा गावोगाव फोफावला आहे. त्यावर ना तारीख, ना बॅच, ना परवाना क्रमांक. हे पाणी सुटं विकलं जातं, ते पॅकबंद नाही, म्हणून पॅकबंद पाण्याचे नियम त्याला लागू होत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. ग्राहकाला हा बारकावा माहीत नसतो. तो दोन्ही पाण्यांना मिनरल वॉटरच म्हणतो आणि सारख्याच विश्वासाने पितो.

अशा पाण्याकडे किती दुर्लक्ष होतं, हे पुण्यात दिसलं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काही रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. पालिकेने त्या भागातले खासगी पाणी प्रकल्प तपासले. काहींकडे परवानगीच नव्हती, काहींच्या पाण्यात ई. कोलाय निघाला, काही जण निर्जंतुकीकरण धड करत नव्हते. फेब्रुवारीत ३० प्रकल्पांना टाळं लागलं. कारवाई योग्यच होती. पण हे प्रकल्प साथ येण्याआधीही रोज पाणी विकत होते आणि त्यांच्यावर कारवाई झाली ती साथ आल्यावरच, हेही खरं.

याच्या शेजारी आपल्या राज्यातलीच दुसरी व्यवस्था ठेवून बघा. लहानात लहान ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. तो पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतो आणि नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी टेस्ट करतो. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं का, यावरून क्लोरीन आहे की नाही तिथल्या तिथे कळतं. पाणीस्रोताची स्वच्छता पाहून आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल कार्ड मिळालं की गावात चर्चा होते, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. जलजीवन मिशनमध्ये तर गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचा संच हाताळायला शिकवलं आहे. या व्यवस्थेत उणिवा आहेत, पावडर संपते, नोंदी राहून जातात, हे मलाही ठाऊक आहे. तरीही नळाच्या पाण्याला ते प्यायच्या जागी तपासण्याची पद्धत महाराष्ट्राने रुजवली, ही मोठी गोष्ट आहे. लिटरमागे पैसे मोजून घेतलेल्या जारच्या पाण्याला एवढीही चाचणी लागू नसावी, याचं समर्थन कसं करणार?

आता कायद्याकडे येते. बाटलीबंद पाण्याला मानक ब्युरोचं प्रमाणपत्र, म्हणजे लोकांच्या ओळखीचा आयएसआयचा शिक्का, पूर्वी सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सक्ती काढून टाकली गेली. त्यानंतर २९ नोव्हेंबर २०२४ ला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पॅकबंद पिण्याचं पाणी आणि खनिज पाणी यांना जास्त जोखमीच्या अन्नाच्या वर्गात टाकलं. आता या उत्पादकांची दरवर्षी तपासणी आणि त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण व्हायला हवं. एक संस्था बाजूला झाली, तेव्हा तिचा भार अन्न सुरक्षा यंत्रणेवर, म्हणजे राज्यात आपल्यावर आला आहे. या बदलाकडे मी संधी म्हणून पाहते. वर्षातून एकदा कारखाना बघून ही जबाबदारी पूर्ण होत नाही. पाणी मात्र वर्षभर, चाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातही, साठवलेलं असतं.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, याने पॅकबंद पिण्याच्या पाण्याला अन्नाच्या व्याख्येतच नाव घेऊन बसवलं आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या अन्नाच्या विक्रीला वर्षभरापर्यंत बंदी घालण्याचा अधिकार कलम ३० ने आपल्या पदाला दिला आहे. अधिकार पुरेसे आहेत. म्हणून माझ्या मागण्या नवा कायदा मागणाऱ्या नाहीत, असलेल्या अधिकारांत बसणाऱ्या आहेत.

पहिली मागणी नमुन्याच्या जागेची. दरवर्षी जिल्हावार जेवढे नमुने पाण्याचे घेतले जातात, त्यातला ठरावीक वाटा दुकानाच्या बाहेर मांडलेल्या बाटल्यांचा, वितरकाच्या गोदामातल्या जारचा आणि शाळा, रुग्णालयं, कचेऱ्या इथल्या डिस्पेन्सरच्या नळाचा असावा. मुदत संपत आलेल्या बाटल्या त्यात आवर्जून घ्याव्यात. एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाळ्याच्या तोंडावर नमुन्यांची संख्या वाढवावी.

दुसरी मागणी चाचणीची. दुकानातल्या आणि डिस्पेन्सरच्या प्रत्येक नमुन्यात २५० मिलिलिटर पाणी गाळून ई. कोलाय आणि स्युडोमोनास एरुजिनोसा या दोन्हींचा शोध घेतला जावा. ही चाचणी अवघड नाही. पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून ओढायचं, तो पडदा सेट्रिमाइड अगारवर ठेवायचा आणि उबवायचा. स्युडोमोनास असला तर निळसर-हिरव्या वसाहती दिसतात, अतिनील दिव्याखाली त्या चमकतात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रयोगशाळांत आणि विज्ञान महाविद्यालयांत हे शिकलेली मुलं आहेत. मनुष्यबळ कमी पडत असेल तर त्यांना प्रशिक्षण देऊन या कामात घ्या. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक त्यासाठी आनंदाने वेळ देतील.

तिसरी मागणी सुट्या जारची. हे पाणी पॅकबंद नसेल, तर ते पाणीपुरवठाच आहे, आणि पाणीपुरवठ्याचा नियम त्याला लागू करावा. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्या मदतीने अशा प्रत्येक प्रकल्पाची नोंद करावी. सीलबंद न करता पाणी विकायचं असेल तर ग्राहकाच्या दारात जारच्या नळातून येणाऱ्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलंच पाहिजे, अशी अट घालावी. ती पाळली जाते का, हे जलसुरक्षक ओटी टेस्टने दोन मिनिटांत सांगेल. क्लोरीनच्या वासाची तक्रार होईल. ती चालेल. वास येणारं सुरक्षित पाणी लोकांना समजावून सांगता येतं.

चौथी मागणी साठवणीची. बाटल्यांवर थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवण्याची सूचना असते आणि त्याच बाटल्यांचे खोके उघड्या टेम्पोत आणि दुकानाच्या पायरीवर भर दुपारी रचलेले असतात. वितरक आणि दुकानदार यांच्या तपासणीच्या यादीत साठवणीची जागा हा मुद्दा घ्या. जारवर भरल्याची तारीख ठळक असावी, तो किती फेऱ्या फिरला याची खूण असावी, ओरखडलेले आणि हिरवट झालेले जार बाद करण्याचा स्पष्ट नियम असावा आणि जार धुण्याची नोंदवही तपासणीच्या वेळी पाहिली जावी.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुन्यांचे निकाल ब्रँड, बॅच, जिल्हा आणि नमुना घेतल्याची जागा यांसह संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करा. उत्तीर्ण झालेल्यांचेही करा. चांगलं काम करणारे प्रकल्पचालक आपल्या राज्यात आहेत. पाणी नीट शुद्ध करून, जार नीट धुऊन देणाऱ्याचा खर्च वाढतो आणि स्वस्तात विकणाऱ्यापुढे तो टिकत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. निकाल उघड झाले तर त्यांच्या प्रामाणिकपणाला बाजारात किंमत येईल.

महोदय, हे पत्र आपल्याबरोबर जे वाचतील त्या नागरिकांनाही दोन शब्द सांगते. सील तुटलेली, उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. उघडलेली बाटली तोंड लावून दिवसेंदिवस गाडीत ठेवू नका. आपल्या तोंडातले जंतू आणि गाडीतली ऊब मिळाली की पाणी झपाट्याने बिघडतं. डिस्पेन्सरची टाकी ठरवून रिकामी करा, क्लोरीनच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने खळखळून काढा. जार लावण्याआधी हात धुवा, जारचा गळा पुसून घ्या. तान्ह्या बाळाचं दूध बाटलीच्या पाण्यात कालवायचं असेल तर ते पाणीही उकळून घ्या, कारण बाटलीतलं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी डॉक्टरांना विचारून उकळलेलं पाणीच वापरा. आणि शंका आली तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० लक्षात ठेवा. ठरलेलं शुल्क भरून कुणीही ग्राहक विकत घेतलेल्या अन्नाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो आणि त्याचा अहवाल त्याला मिळतो. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. तो वापरला गेला पाहिजे.

सर्वांना नळाने पुरेसं आणि शुद्ध पाणी मिळणं हाच या प्रश्नाचा कायमचा उपाय आहे, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांच्या बाजूने मी उभी आहे. ते होईपर्यंत कोट्यवधी माणसांना बाटलीचं आणि जारचं पाणी प्यावं लागणार. त्यांच्या पोटात जाणारं पाणी आणि प्रयोगशाळेत जाणारं पाणी एकाच ठिकाणचं असावं, एवढीच माझी विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या अधिकाऱ्यांना आदेश द्या, की पाण्याचा पहिला नमुना त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डिस्पेन्सरच्या नळाखालून घ्यावा, आणि त्याचा निकाल, जो येईल तो, लोकांसमोर ठेवावा.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका